धुराचा ग्लास, मनुकांचा ग्लास

मला सिंगल माल्ट आवडते, हे वाक्य मी मराठीत कधी उच्चारलेलं नाही. इंग्रजीत उच्चारलं आहे, ऑफिसमध्ये, हळू आवाजात, आणि इंग्रजीत ते एखाद्या छंदासारखं ऐकू येतं. मराठीत त्याचा सरळ अर्थ मुलगी दारू पिते असा होतो. आमच्या घरात तर तेवढ्यावर भागत नाही, कारण आमच्या घरात दारू सुटलेली आहे. पप्पांनी ती सोडली तेव्हा मी शाळेत होते. आता मी नोकरी करते, आणि पप्पा अजून रोज सकाळी उठून ती नव्याने सोडतात, असं त्यांचं म्हणणं आहे.

आम्ही काळेवाडीत राहतो. पप्पा परभणीकडून इथे आले, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर, लागले आणि अजून तिथेच आहेत. मम्मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. मला इंग्लिश मीडियमला घातलं ते तिच्या हट्टाने. तिथे मी बोलायला किती शिकले सांगता येत नाही, गप्प बसायला मात्र नक्की शिकले. वर्गात मराठी बोललं की ओरडा बसायचा आणि इंग्रजी बोललं की मुली हसायच्या. आजही मीटिंगमध्ये बोलण्याआधी मी वाक्य मनात तपासून घेते, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

पप्पा पीत होते त्या वर्षांत घरातलं एक काम माझ्याकडे होतं. बेल वाजली की दार मी उघडायचे. त्यांच्या हातातून डब्याची पिशवी घ्यायची, तेवढ्यात वास घ्यायचा, आणि पिशवी ओट्यावर नेऊन ठेवायची. मम्मी पोळी लाटता लाटता, मान वर न करता विचारायची.

"आहे?"

"आहे."

"कसला?"

"संत्र्याचा."

संत्र्याचा म्हणजे देशी. पगार झाला की इंग्लिश, तिचा वास गोडसर आणि लाकडासारखा. कधी दोन्ही एकत्र. कधी वर बडीशेप. बडीशेपेच्या खालचं मला कळायचं. मी सांगेन त्यावरून मम्मी ठरवायची, की ताट लगेच वाढायचं की आधी मला शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला पाठवायचं. हे काम आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही त्याला काही नाव दिलं नव्हतं.

मग एकदा प्रेसवर त्यांच्या शेजारच्या माणसाने त्यांचा हात ऐन वेळी मागे ओढला. हात वाचला. त्यानंतर पप्पा महापालिकेच्या एका शाळेतल्या खोलीत जायला लागले. तिथे दारू सोडलेले लोक जमतात आणि आपापलं सांगतात. हळूहळू घरात नियम आले. खोकल्याचं औषध घेताना मम्मी बाटलीवरची बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेते, त्यात अल्कोहोल आहे का म्हणून. होमिओपॅथीचे थेंब आणत नाही. लग्नात पुरुष गच्चीकडे सरकले की पप्पा मुलांच्या पंगतीत वाढायला लागतात. एक घोट घेतला की सगळं पहिल्यापासून, असं ते म्हणतात, आणि ते घाबरून म्हणतात. त्यांच्या घाबरण्यावर आमचं घर उभं आहे हे मला पुरतं माहीत होतं. तरीही पुढचं सगळं मी केलं.

आमच्या ऑफिसात माझे जे टीम लीड आहेत, त्यांना मी सर म्हणते, त्यांचं कामानिमित्त परदेशात जाणं-येणं असतं. येताना ते बाटल्या आणतात. चिंचवडला स्टेशनजवळ उंच इमारतीत त्यांचा फ्लॅट आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, ते आणि त्यांची बायको दोन-चार लोकांना बोलावतात. दारू प्यायला नाही, 'टेस्टिंग'ला. पहिल्यांदा मी गेले ती नाही म्हणता न आल्यामुळे. ज्यूस मिळेल असं वहिनींनी सांगितलं होतं, आणि खरंच त्यांनी ज्यूस काढून ठेवला होता.

माझ्याबरोबर आमच्याच टीममधला एक मुलगा होता. चाकणच्या बाजूच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरचा, इंजिनीअर. ऑफिसात तो नीट शहरी बोलतो, पण मजेत आला की गावावर येतो.

सरांनी प्रत्येकासमोर दोन ग्लास ठेवले. पोटाला फुगीर, तोंडाला निमुळते. तळाशी बोटभरसुद्धा नाही इतकी व्हिस्की. एक फिकट, वाळलेल्या गवताच्या रंगाची. दुसरी गडद, काढ्यासारखी.

"नाक एकदम आत घालू नका," सर म्हणाले. "तोंड थोडं उघडं ठेवा आणि लांबून घ्या. आधी फिकट."

त्या मुलाने ग्लास उचलला, करंगळीशेजारचं बोट बुडवून तीन थेंब हवेत उडवले, आणि मग नाकाशी नेला.

"ए, उडवतोस काय!" वहिनी ओरडल्या. "गालिच्यावर!"

"वहिनी, धरतीला दिल्याबिगर कसं घ्यायचं? आमचा आजा उडवायचा." त्याने वास घेतला आणि ग्लास लांब धरला. "आयला! सर, ह्यो तर दवाखाना हाय. हे प्यायचं का जखमेला लावायचं?"

"पीटेड आहे रे. तिकडे दलदलीत मातीच्या वड्या कापतात, वाळवून जाळतात. त्या धुरावर बार्ली सुकवतात. तो धूर आहे."

"आसं म्हना की. आमच्याकडं भात लावायच्या आधी राब भाजत्यात, पालापाचोळा जाळून. त्यो राब भाजलाय आन् कुनीतरी वरनं फिनेल टाकलंय."

सगळे हसले. मी ज्यूस बाजूला ठेवला आणि ग्लास घेतला. का घेतला हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला त्याने सांगितलेला वास येतो का ते बघायचं होतं, एवढंच उत्तर मिळतं. आला. ओली राख, आयोडीन, खारट वारा. आणि फार खाली, सगळे गेल्यावर मागे राहिल्यासारखी, लिंबाची साल. त्या वासाची माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही माणसाशी ओळख नव्हती. तो मला एकदम स्वच्छ वाटला.

मग गडद ग्लास. ही शेरीवाली, सर म्हणाले, शेरी नावाची स्पेनची वाइन असते, ती भरून ठेवलेल्या पिंपात ही व्हिस्की वर्षानुवर्षं ठेवतात, रंग आणि गोडवा त्या लाकडातून येतो. मनुका होत्या. खजूर. अक्रोडाची कडू साल. जुनी पेटी उघडल्यावर येतो तसा वास. आणि संत्र्याची साल. तिथे मी थांबले.

"काय येतंय?" सरांनी मला विचारलं.

"ख्रिसमस केक," मी म्हणाले. हा शब्द शाळेच्या पुस्तकातला. तो केक मी तेव्हा खाल्लेला नव्हता.

"अगदी बरोबर!" वहिनी म्हणाल्या. "मी कधीपासून तो शब्द शोधत होते."

सरांना गंमत वाटली. त्यांनी मला टेबलाकडे पाठ करून बसवलं, ग्लास बदलले, एकात दुसऱ्याचे चार थेंब टाकले, एकात पाणी घातलं. मी एकेक ओळखत गेले. हा धुराचा. हा मनुकांचा. हा मनुकांचा, पण यात जरासा धूर मिसळलाय. पाणी घातलं की धूर आधी उठतो आणि मनुका मात्र पसरट होतात, हेही मी सांगितलं. खोलीत सगळे गप्प झाले होते, मी काय म्हणते ते ऐकायला. माझ्यासाठी कुणी असं थांबल्याचं मला आठवत नव्हतं.

"नाक आहे का मशीन?" तो मुलगा म्हणाला. "मॅडम, तुम्हाला तर कंपनीच्या गेटवर उभं केलं पायजे. एकबी ड्रायव्हर सुटायचा न्हाई."

"कुठून आणलंस गं हे नाक?" वहिनींनी विचारलं.

"लहानपणी सर्दी कमी व्हायची," मी म्हणाले.

ते पुन्हा हसले. मीही हसले. पिशवी, ओटा आणि मम्मीची न वळलेली मान डोळ्यांपुढून गेली. त्या दुपारी मला जे शिकवल्याशिवाय येत होतं, ते मला घरी कुणी आणि कसं शिकवलं हे त्या खोलीत सांगायची माझी छाती नव्हती.

मी पुढच्या वेळी गेले. त्याच्या पुढच्या वेळीही. पिण्यातला भाग थोडा असतो, वास घेण्यातला जास्त, असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते खोटं नव्हतं. पण पहिला घोट जिभेवर पसरून घशातून खाली गेल्यावर छातीत जी ऊब येते, तीही मला हवी असायची. तीच ऊब आमच्या घरात आधी कुणाला हवी असायची हे मला माहीत होतं.

कुठला ग्लास जास्त आवडतो, असं सर दर वेळी विचारायचे. मी धुराचा म्हणायचे. सुरुवातीला ते खरंही होतं, कारण तो माझा होता, त्यात घरचं कुणी नव्हतं. मनुकांचा ग्लास मला जास्त आवडायला लागला आहे हे कळलं तेव्हा मी ते लपवलं, जणू तिथल्या लोकांना त्यावरून काही समजलं असतं.

पीटेडचा आणखी एक फायदा मला घरी आल्यावर कळला. पहिल्याच रविवारी मी दारातून आत आले तर मम्मीने पिकोचं मशीन थांबवलं.

"काय गं, कुठं लागलं का? आयोडिनचा वास येतोय."

मी क्षणभरच थांबले. "कंपनीत फर्स्ट एडचं ट्रेनिंग होतं."

"रविवारी?"

"आठवड्यात प्रॉडक्शन असतं ना."

तिचं समाधान झालं. आमच्या घराला दारूचे दोनच वास माहीत, देशी आणि इंग्लिश. दारू दवाखान्यासारखी वासाला येऊ शकते हे मम्मीच्या गावीही नव्हतं. त्यानंतर मी तिथे नेहमी पीटेड शेवटी घ्यायला लागले. पहिल्या दिवशी सरांनी गंमत म्हणून उलटं केलं होतं, एरवी तशी पद्धतच आहे, आधी धूर घेतला तर जीभ बाकीचं ओळखत नाही, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. मनुकांवर मी धुराचं पांघरूण घालून घरी यायचे.

मम्मीने मात्र ही गोष्ट घरात ठेवली नाही. मुलगी फर्स्ट एड शिकते हे तिने अभिमानाने सगळ्या जिन्याला सांगितलं. एका रविवारी मी येऊन चप्पल काढते आहे तोच खालच्या मजल्यावरच्या काकू हात वर धरून आल्या. कुकरच्या वाफेने मनगट भाजलं होतं.

"अगं बाई, बरं झालं आलीस. तुझी मम्मी म्हणाली, डॉक्टरकडं कशाला जाता, आमची आहे की."

"काकू, डॉक्टरला दाखवा..."

"लाजतीय," मम्मी म्हणाली. "बस तू, बस. दाखव तुझं शिकलेलं."

मी मोरीत जाऊन फोनवर व्हिडिओ बघितला. भाजल्यावर पाण्याखाली धरायचं एवढं त्यात कळलं. बाहेर येऊन मी काकूंचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ तसाच धरून उभी राहिले, तोंड दुसरीकडे वळवून, श्वास त्यांच्यावर जाऊ नये म्हणून. मग पट्टी बांधली. ती सुटली. पुन्हा बांधली.

"हात किती हलका आहे गं हिचा," काकू म्हणाल्या. "आणि सारखा औषधांचा वास येतो अंगाला, नर्सबाईसारखा."

पप्पा खुर्चीत बसून हे बघत होते. कापूस त्यांनीच आणून दिला. माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग चपला घालून बाहेर पडले.

"मारुतीला गेले," काकू गेल्यावर मम्मी म्हणाली. "हल्ली रविवारी तू आलीस की जातात. लई बदलला माणूस. देवाचं वेड लागायला पण नशीब लागतं."

मला वाटलं, बरं आहे. ते बाहेर असतील तेवढा वेळ मला मोकळं बसता येईल. इतकंच वाटलं. ते मी आल्यावरच का जातात, हे माझ्या इतक्या हुशार नाकाला कळलं नाही.

नंतर एका रविवारी सरांची पीटेड बाटली संपली होती.

"आज नुसत्या शेरीवाल्या," ते म्हणाले. "तीन आहेत. आज मशीनची खरी परीक्षा."

एक होती नुसतीच गोड, गुळाच्या पाकासारखी. एकीत लवंग-दालचिनी होती आणि शेवटाला काडेपेटीची काडी विझवल्यासारखं काहीतरी. तिसरी फार कडक, पाणी न मिसळता भरलेली, तिच्यात दोन थेंब पाणी टाकल्यावर संत्र्याची साल इतकी उघडी वर आली की मी ग्लास खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. तिघींत तीच चांगली, असं मी सांगितलं. पहिल्यांदाच मी धुराशिवाय काहीतरी निवडलं होतं. सर खूश झाले, त्यांनी अजून थोडी ओतली. मी घेतली. रिक्षात वेलदोडे खाल्ले.

घरी मम्मी नव्हती, पलीकडच्या इमारतीत साड्या पोचवायला गेली होती. पप्पा कॉटवर होते. आदल्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरताना त्यांचा घोटा मुरगळला होता, पायाला क्रेप बँडेज होतं. मी दार लोटून आत पाऊल टाकलं.

"तिथंच थांब माय," ते म्हणाले.

मला वाटलं फरशी ओली असेल.

ते एका पायावर उठले. कॉटच्या कडेला धरून, मग खिडकीच्या गजाला धरून त्यांनी काच सरकवली आणि तोंड बाहेर करून उभे राहिले.

"पप्पा, पाय... मी उघडते ना खिडकी."

"तू नको. तू थांब तिथंच."

खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"आज ते दवाखान्यावालं न्हाई," ते बाहेर बघतच म्हणाले.

माझ्या खांद्यावरची पर्स घसरून कोपरात आली. ती मी वर ओढली नाही.

"ते राखेचं असायचं ना, ते मला निभायचं. ते माझ्या ओळखीचं नव्हतं. तरी जायचो मी. पण हे ओळखीचं आहे."

"मला वाटलं तुम्हाला..."

"काय वाटलं? कळत न्हाई?" ते जरासे हसले. "अगं, बडीशेप खाऊन मी तुझ्या मम्मीला फसवायचो. वेलदोडा खाऊन तू मला फसवायलीस."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणत्या तोंडानं बोलू?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला माझ्याकडे उत्तरं तयार होती, मी कमावते, मी मोठी आहे, मी मोजकं घेते. ज्या माणसाचा वास घेऊन मी चुगली करायचे, तो माणूस माझा वास घेऊन गप्प बसत होता. आणि आपल्याला बोलायचा हक्क नाही असं समजून गप्प बसत होता.

"तुम्ही मारुतीला जात होतात ना?"

"मारुती पण वैतागला असंल, हा कामून यायलाय सारखा. तिथं जाऊन येतो, मग पुलाच्या कट्ट्यावर बसतो. तू जेवून घेतलीस, कपडे बदललेस की येतो. आज पाय न्हाई म्हणून थांब म्हणलं. न्हाईतर तुला कळलंबी नसतं."

"वास आला की काय होतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काय होणार. मन बोलायला लागतं. ती पिती तर तुझं काय जातंय, म्हणतं. शिकली-सवरलेली पोरगी पिती, म्हणजे वाईट नसंल, म्हणतं. लई हुशार असतं ते." ते गजाला धरूनच म्हणाले, "मी काय रागवायलो न्हाई. जा, तोंड धू, कपडे बदल. मी इथंच उभा राहतो."

मोरीकडे जायला त्यांच्या पाठीमागून जावं लागतं. मी श्वास रोखून गेले. आमची खोली इतकी लहान आहे आणि तेवढं चालायला मला फार वेळ लागला. मोरीत मी दात घासले, साबणाने जीभ धुतली, कपडे बादलीत बुडवले. बाहेर येईपर्यंत मम्मी आली होती आणि पप्पांना ओरडत होती, दुखऱ्या पायावर असं उभं का राहिलात म्हणून.

"गुदमरायलं होतं," ते म्हणाले.

पुढच्या वेळी सरांचा मेसेज आला तर मी तब्येतीचं कारण सांगितलं. त्या मुलाने ग्रुपवर लिहिलं, 'मॅडम, मशीन बंद पडलंय, सगळे ग्लास सारखेच लागत्यात.' मी हसण्याचं चिन्ह पाठवलं. त्या रविवारी पप्पांचा पाय बरा होता. नेहमीच्या वेळेला त्यांनी चपला घातल्या, मग मला घरात बघून दाराशी थबकले.

"गेली न्हाईस?"

"नाही. सोडलं मी."

मम्मीचं मशीन आत चालू होतं. ते जवळ आले आणि हळू म्हणाले, "माझ्यासाठी?"

मी हो म्हणून मान हलवली. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

"तसं नको करू. माझ्या नावावर नको सोडू. उद्या तू परत घेतलीस तर ते माझ्यामुळं, मी घेतली तर ते तुझ्यामुळं. सभेत आम्ही हेच सांगतो एकमेकांला, आपापली आपण सोडायची. तुझी तू बघ. सोडायची तर सोड, न्हाई तर मला आधी फोन कर. मी बाहेर पडतो, मग तू ये."

"असं कसं, पप्पा? तुमचं घर आहे."

"म्हणून तर म्हणायलो फोन कर."

आणि ते चपला घातल्या होत्या म्हणून फिरून आले.

इथे मी लिहायला हवं की मी सोडली. काही महिने मी गेलेही नाही. शनिवारी-रविवारी मम्मीच्या साड्या पोचवल्या, काकूंच्या मनगटाचा डाग गेला का ते बघून आले. मीटिंगमध्ये गप्प बसले. मग सरांनी नवीन बाटली आणली, पीट आणि शेरी दोन्ही एकाच व्हिस्कीत असलेली, आधी धुरावरची बार्ली आणि मग शेरीचं पिंप, आणि ऑफिसात येऊन मला म्हणाले, तुझ्याशिवाय उघडणार नाही. मला जायचं होतं. दुसरं कारण मी देऊ शकत नाही.

ती चांगली होती. आधी राख येते आणि राख बसली की तिच्याखालून मनुका. तिथे मी नेहमीपेक्षा जास्त बोलले. वहिनी म्हणाल्या, आज हिला काय झालंय, थांबतच नाही.

उतरतं ऊन होतं तेव्हा मी आमच्या इमारतीखाली, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी उभी राहिले आणि पप्पांना फोन लावला.

"पप्पा, मी खाली आहे."

पलीकडे पिकोचं मशीन ऐकू येत होतं. ते थांबलं.

"कुणाचा हो फोन?" मम्मीचा आवाज.

"कंपनीतनं," पप्पा तिला म्हणाले. मग मला, मोठ्याने, "व्हय साहेब. बोला. न्हाई न्हाई, झोपलो नव्हतो. येतो की, त्यात काय. निघालोच."

"रविवारी पण सोडत नाहीत मेले," मम्मी म्हणाली.

"अगं, शिफ्टचा घोळ झालाय, नाक्यावर भेटून येतो फक्त. गेलो आन् आलो."

फोन चालूच राहिला होता. मी कानाला लावून उभी होते. पप्पांचा आवाज मोकळा होता, थोडा हसरा, कुठेही न अडखळणारा. इतकी वर्षं मी तो ऐकला नव्हता. ते पीत असताना असंच बोलायचे, चपला घालता घालता, कुणाचा तरी फोन, कुणाचा तरी ओव्हरटाइम, गेलो आन् आलो. दारू सोडल्यापासून ते बोलताना अडखळतात, वाक्यं तोडतात, खरं सांगायला शोधत बसतात. आता एका वाक्यात त्यांना ते सगळं परत आलं होतं, आणि ते मी आणलं होतं.

ते खाली आले. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेले, माझ्याकडे बघितलं नाही, नुसता हात जरा वर केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. मी वर गेले आणि चप्पल न काढताच गॅलरीत गेले. आमच्या कोपऱ्यावरून एक रस्ता वाइन शॉपवरून जातो आणि एक पुलाकडे. कोपऱ्यावर ते थांबले. कुणाशी तरी बोलले. मग पुलाकडे वळले.

"आलीस?" मागून मम्मी म्हणाली. तिने नाक वर करून जरा हुंगलं आणि मशीनखाली पुढची साडी सरकवली. "आज परत ट्रेनिंग का गं? तुझे पप्पा आत्ताच गेले बघ. रविवारी पण चैन पडू देत नाहीत कंपनीवाले."

"हो ना," मी म्हणाले, आणि तोंड धुवायला गेले.